टीव्हीकडे पाठ करून

आई, काल दुपारी आपल्या गल्लीतल्या अक्कानं मला तुझ्याबद्दल एक प्रश्न विचारला. उत्तर मी देऊन टाकलं, पण प्रश्न खरं तर तुलाच विचारायचा होता, आणि तू तर जाऊन वीसेक वर्षं झाली. म्हणून हे लिहायला बसले आहे. तू वाचायचीस ते ओठ हलवत, एकेका शब्दावर थांबून, आणि मी पुढची ओळ वाचायला लागले की म्हणायचीस, "थांब की, कुटं पळायलंय का ते?" तेव्हा मीही घाई करणार नाही. सगळं पहिल्यापासून सांगते.

मी हल्ली काय काम करते ते आधी ऐक, म्हणजे तुला हसू येईल. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशा लोकांसाठी मी सिनेमांचं आणि मालिकांचं वर्णन लिहिते. दोन संवादांच्या मध्ये जेवढी रिकामी जागा असते तेवढ्यात बसेल असं. 'ती खिडकीपाशी जाते. बाहेर कोणी नाही.' मग ते कुणीतरी चांगल्या आवाजात वाचतं आणि लोकांना चित्राबरोबर ऐकू येतं. काम पुण्याहून कॉम्प्युटरवर येतं, मी सोलापुरात घरी बसून करते. हे कुठं शिकलात असं लोक विचारतात, तेव्हा मी कोर्सचं नाव सांगते, कारण सर्टिफिकेट त्याचं आहे. शिकले मात्र आपल्या खोलीत, विड्या वळणाऱ्या बायकांमध्ये बसून. तू जे फुकटात करायचीस त्याचा मला पगार मिळतो, हे बाबांना कळतं तर त्यांनी कपाळाला हात लावला असता.

आपल्या खोलीला उजेड एकाच बाजूनं, दारातून. टीव्ही मात्र आत, भिंतीतल्या फडताळावर, कारण प्लगची जागा तिथंच होती. टीव्हीकडे तोंड करून बसलं की आपलीच सावली सुपात पडते आणि पानाची शीर दिसत नाही. शीर नीट निघाली नाही तर विडी फुटते, आणि फुटकी विडी कारखान्यात कोणी घेत नाही. म्हणून सगळ्याजणी मांडीवर सूप घेऊन दाराकडे तोंड आणि टीव्हीकडे पाठ करून बसायच्या. गल्लीत टीव्ही तेव्हा एकच, बाबांनी यंत्रमागाच्या बोनसमध्ये आणलेला, आणि दुपारची मालिका सोडायची कुणाचीच तयारी नाही. यातून वाट निघाली ती अशी, की रोज एकीनं काम बाजूला ठेवून टीव्हीकडे तोंड करून बसायचं आणि जे दिसेल ते बाकीच्यांना सांगायचं. तिच्या तेवढ्या वेळाच्या विड्या बाकीच्यांनी वळून तिच्या सुपात टाकायच्या. आणि सांगणारी सांगत असताना कुणी मान वळवून बघायचं नाही. बघितलं म्हणजे तुझ्यावर आमचा भरवसा नाही असं तोंडावर म्हटल्यासारखं. एकदा समोरच्या घरातली नवी भाडेकरीण वळून बघायला लागली, तर अक्कानं तिला सरळ सांगितलं, "तुला बघायचं आसंल तर तिकडं तोंड करून बस. विड्या घरी जाऊन वळ."

संवाद तर सगळ्यांनाच ऐकू यायचे. तरी मालिका रोज वेगळी व्हायची, कारण सांगणारी वेगळी. कोपऱ्यावरची तेलुगू मावशी बसली की नुसत्या साड्या आणि पाटल्या. तिच्या पाळीला कुणी मेलं तरी मेलेल्या बाईच्या अंगावर काय होतं ते आधी कळायचं. एक होती तिला पुरुष सगळे बेरकी दिसायचे, चांगल्या नायकाचं वर्णनही ती संशयानंच करायची. माझी पाळी आली की सगळ्या कंटाळायच्या. मी बारावीला होते आणि मला वाटायचं की जसं आहे तसं सांगावं. 'ती उभी राहिली. तो बसला. दार लागलं.' माझं नाव त्यांनी रेडिओ ठेवलं होतं. आणि तू बसलीस की पानं कापायच्या कात्र्यांचे आवाज कमी व्हायचे. तू फार बोलायची नाहीस, आवाजही चढवायची नाहीस. 'हसली' म्हणायचीस, थोडं थांबायचीस, आणि मग म्हणायचीस, "पण उगं हसली." बस, तेवढ्यावर पुढची चार मिनिटं त्या बायका आपापसात भांडायच्या, की उगं म्हणजे कुणाला दाखवायला.

आता आमच्या कामावर देखरेख करणाऱ्या बाई मला सारखं लिहून पाठवतात, की जे दिसतं तेवढंच लिहा, अर्थ प्रेक्षकाला लावू द्या. बाई भल्या आहेत आणि त्यांचा हेतू चांगला आहे. पण मी त्यांच्याशी भांडते. एकाच दृश्याला 'बाई पडदा लावते', 'बाई पडदा ओढून घेते', 'बाई पडद्याआड होते' असं काहीही लिहिता येतं. दिसलं एकच, पण या तीन वेगळ्या बायका झाल्या, आणि यातली एक निवडल्याशिवाय मला वाक्यच लिहिता येत नाही. प्रेक्षक समोर ठेवलेलं सगळं मुकाट्यानं गिळतो असं ज्यांना वाटतं, ते आपल्या खोलीत कधी बसलेले नाहीत. तिथं एकेक संवाद तोंडात घोळवून, चावून, कडू लागला तर थुंकून टाकला जायचा. 'घर म्हटलं की सहन करावंच लागतं' असं मालिकेतली बाई म्हणाली, तर नवरा गेलेली एकजण म्हणाली, "घर तरी हाय की तिला." आणि नवऱ्याचा मार खाणारी दुसरी म्हणाली, "हे लिहिणारा बाप्या असंल." दोघींनी ऐकलं तेच वाक्य. हे मी आता ठामपणे सांगू शकते, कारण रोज त्याच्याशीच माझं काम आहे. तेव्हा मला ते नुसतं बायकांचं बोलणं वाटायचं.

मुद्द्यावर येते. अक्काच्या सुनेवर.

अक्का गल्लीत सगळ्यात थोरली. तू मंद्रूपहून लग्न करून आलीस तेव्हा तुला ज्वारी खुडता येत होती, विडी वळता येत नव्हती. अक्कानं तुझी बोटं हातात धरून तुला पान गुंडाळायला शिकवलं आणि कारखान्यात तुझ्यासाठी शब्द टाकला. तिच्या घरी कानडी, बाहेर आपली सोलापुरी मराठी. तिची सून दुधनीची. आम्ही पोरं तिला वहिनी म्हणायचो. कमी बोलणारी, हात मात्र मशीनसारखा. पहिल्या खेपेला माहेरचे न्यायला आले तेव्हा अक्कानं पाठवलं नाही. एवढं मोठं शहर, मोठा दवाखाना सोडून खेड्यात कशाला, म्हणाली. आणि ऐन वेळी रिक्षा मिळेपर्यंत उशीर झाला, मूल आतल्या खोलीत झालं आणि रडलंच नाही. त्यानंतर गल्लीत त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. अक्काही पूर्वीसारखीच बसायची, विड्या वळायची, दम द्यायची. वहिनीला पुन्हा दिवस गेले, सातवा लागला, तेव्हा तिचा भाऊ दुधनीहून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन आला आणि उंबऱ्यात बसला. अक्का म्हणाली, पहिलं माहेरी असतं, दुसरं सासरी, रीतच आहे. तरी तिलाच विचारा. वहिनी सगळ्यांच्या देखत म्हणाली, "मी हितंच बरी हाय." भाऊ चहा प्यायला आणि स्टेशनला गेला.

दुसऱ्या दिवशी नळावर ती तुला म्हणाली, "त्या खोलीत परत न्हाय व्हनार माझ्याच्यानं. मरते मी." तू घरी येऊन हे मला सांगितलंस तेव्हा पीठ मळत होतीस आणि तुझ्या हाताला जोर होता. मी म्हटलं, मग जाऊन सांग की अक्काला. तू म्हणालीस, "सांगितलं की ती घट्ट व्हईल. मग देव आला तरी सोडायची न्हाय." वहिनी जेवत नव्हती. पाय सुजले होते. तिचा नवरा आईच्या शब्दाबाहेर नव्हता. दिवस भरत चालले होते आणि कुणाच्याच हातात काही नव्हतं. त्या घरात दुसरं मूलही जाईल आणि या वेळी बहुतेक तिला घेऊन जाईल, असं मला खरंच वाटायचं.

आणि मग मालिकेत तसाच प्रसंग आला. मालिकांमध्ये तो येतोच, न येऊन जातो कुठं? मोठा वाडा, खांब, झुंबर. सुनेचा भाऊ तिला न्यायला आलेला. सासू खुर्चीत. सून म्हणते, 'दादा, मी इथं सुखात आहे.' हे सगळ्यांना ऐकू आलं. अक्का दाराकडे तोंड करून म्हणाली, "बघा, आपनहून म्हनती. शहाणी पोरगी हाय." वहिनी तिच्या शेजारीच बसलेली, मान खाली. त्या दिवशी तुझी पाळी होती. मी अभ्यासाचं पुस्तक घेऊन तुझ्याजवळ बसलेले, माझंही तोंड टीव्हीकडे. तू काही बोललीच नाहीस. इतका वेळ गप्प, की तेलुगू मावशी म्हणाली, "सो गई क्या?" मग तू म्हणालीस, "तोंडानं म्हनती सुखात हाय. पण भावाच्या पिशवीचा बंद धरून उभी हाय. त्यो निघालाय आन ही सोडंना."

पडद्यावर पिशवी नव्हती, आई. भाऊ मोटारीतून आलेला, कडक इस्त्रीचे कपडे, दोन्ही हात मोकळे. सून त्याच्यापासून चांगली चार हात लांब. मी तुझ्याकडे वळले आणि बोलायला तोंड उघडलं, तर तू माझ्या गुडघ्यावर हात ठेवून दाबलास, नजर टीव्हीवरून न हलवता. नुसत्या कात्र्या चालू होत्या. अक्कानं त्या दिवशी सूप लवकर आवरलं.

दुसऱ्या दिवशी पाळी तेलुगू मावशीची. अक्का कारखान्यातून परस्पर आली, बसली, आणि म्हणाली, "आजबी हिलाच बसवा." मावशीनं जरा तोंड वाकडं केलं, पण अक्कापुढे कोण बोलणार. तू बसलीस. मालिकेत सासू नोकरावर ओरडत होती. तू सांगायला सुरुवात केलीस तोच अक्का म्हणाली, "सगळ्याजनी सुनेचंच सांगतेत. सासूचं तोंड कसं हाय, ते सांग की." मी पडद्याकडे बघितलं. त्या नटीच्या भुवया वर, मोठं कुंकू, ओठ आवळलेले. रागावलेली सासू जशी असते तशी. हे सांगायला एक शब्द पुरे होता. तू बघत राहिलीस. खूप वेळ.

"भ्यालीय, अक्का," तू म्हणालीस.

"ती कशाला भेईल? तिचंच राज्य हाय."

"सून गेली तर परत येती का न्हाय, म्हनून भ्यालीय. तिकडं जाऊन काय सांगंल, म्हनून. तिचं बी नातवंड गेलंय की, अक्का. तिला कुनी इचारलंच न्हाय."

त्या मालिकेत कुणाचं नातवंड गेलेलं नव्हतं. खोलीतल्या प्रत्येकीला ते माहीत होतं, रोज ऐकत होत्या त्या. कुणी मान वळवली नाही. वहिनीच्या हातातून विडी बांधायचा दोरा सुटला आणि रीळ घरंगळत माझ्यापर्यंत आलं. मी ते उचलून तसंच धरून बसले. अक्कानं हातातली विडी वळून पुरी केली. मग म्हणाली, "मालिकेतल्या सासवा येड्या असत्यात. भ्यालं तर सांगावं की कुनाला तरी." त्याच आठवड्यात तिनं वहिनीचं गाठोडं स्वतः बांधलं आणि तिला स्वतः रेल्वेत बसवून दुधनीला सोडून आली. तिथं मुलगी झाली. सगळ्या वाड्याला जाग येईल असं रडली म्हणे. ती मुलगी आता चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्याच्या ऑफिसात आहे, स्कूटरवर जाते-येते आणि अक्काला दम देते.

नंतर मी तुला एकदा पिशवीबद्दल विचारलं होतं. तू म्हणालीस, "कंची पिशवी?" आणि भाकरी थापायला लागलीस. म्हणून माझा मीच अर्थ लावला, की तू एक खोटी पिशवी दाखवलीस, अक्का फसली, आणि एक जीव वाचला. दोन जीव वाचले. ही गोष्ट मी कोर्सच्या वेळी सांगितली, पुण्याच्या बाईंना सांगितली, ओळखीत जो सापडेल त्याला सांगितली, आणि दर वेळी लोकांना ती फार आवडली. मलाही आवडायची. तुझा मला अभिमान वाटायचा, आजही वाटतो.

आता काल. अक्का फार थकली आहे. काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे गेले, पण दुपारची मालिका लागतेच. वहिनी कामात असते, म्हणून मी जाऊन बसते आणि सांगते. अक्का अजून दाराकडेच तोंड करून बसते, उजेडाचा आता तिला काही उपयोग नसला तरी. मला म्हणते, तू लई खरं सांगती, झोप येती. काल मध्येच जाहिराती लागल्या आणि ती म्हणाली, "त्या भावाच्या हातात पिशवी न्हवतीच ना ग?"

मला आधी कळलंच नाही ती कुठल्या भावाबद्दल बोलते आहे. कळलं तेव्हा मी टीव्हीचा आवाज कमी केला. तिनं सावकाश सांगितलं. पिशवीच्या दुसऱ्या दिवशी, मालिकेच्या जरा आधी, ती कारखान्यात विड्या द्यायला गेली होती. आतल्या खोलीत कारकून बाबूंचा टीव्ही चालू होता आणि आदल्या दिवशीचाच भाग पुन्हा दाखवत होते. विड्या तपासून होईपर्यंत ती उभी राहून बघत होती. "मोटारीतनं आलता त्यो. मोकळ्या हातानं. तवाच मला कळलं, हे माझ्यासाठी सांगितलंय." मग ती तिथून तडक आपल्याकडे आली आणि म्हणाली, आजबी हिलाच बसवा. सासूचं तोंड कसं हाय हे तिनं विचारलं ते टीव्हीतल्या सासूबद्दल नव्हतं. "मला बघायचं व्हतं, तुझी आई मला काय समजती. राक्षसीण म्हनली असती तर मी सुनेला सोडलंच नसतं. ती म्हनली, भ्यालीय."

तर इतकी वर्षं मी सांगत आले ती गोष्ट तशी नव्हतीच. कुणी कुणाला फसवलं नव्हतं. तू तिच्याशी बोललीस, ती तुझ्याशी बोलली, आणि मध्ये ती मालिका बिचारी आपली चालू होती. मला याचं वाईट वाटलं नाही. उलट आनंद झाला, कारण मी बाईंशी ज्याच्यासाठी भांडते ते मला वाटत होतं त्याहून कितीतरी पक्कं आहे. ऐकणारीला सांगणारीपेक्षा जास्त कळू शकतं, आणि कळूनही ती ऐकत राहू शकते. हे मी बाईंना लिहिणार आहे, आणि या वेळी त्यांच्याकडे उत्तर नसेल.

पण मग अक्कानं तो प्रश्न विचारला. "तिला म्हायती व्हतं का ग, मला कळलंय म्हनून? का जाईपतूर तिला वाटत ऱ्हायलं, अक्काला बनवलं म्हनून? मी कधी बोलले न्हाय. ती बी बोलली न्हाय. आन मग गेलीच ती." जाहिराती संपल्या होत्या, मालिका सुरू झाली होती, आणि ती तिकडे लक्षच देत नव्हती. तिचे हात मांडीवर होते, पान गुंडाळताना असायचे तसे, रिकामे. आपण सुनेला फसून नव्हे, आपल्या मनानं पाठवलं हे निदान एका माणसाला ठाऊक असावं, एवढंच तिला हवं होतं. आणि ते माणूस तू होतीस.

मला माहीत नाही, आई. तुला माहीत होतं का? या पत्राला पत्ता नाही, त्यामुळे हे तुला विचारूनही मला कळणार नाही. कपाटात माझ्या कामाच्या कागदांत ते राहील. मी अक्काला म्हणायला हवं होतं की मला ठाऊक नाही, आई माझ्याशी त्याबद्दल कधी बोलली नाही. मी म्हटलं, "व्हय अक्का. आई म्हनायची की, अक्काला समदं कळलंय, म्हनून तर मी बोलले."

अक्का हळूच मान हलवत राहिली. मग म्हणाली, "मला वाटलंच व्हतं," आणि चेहरा पुसला. थोड्या वेळानं माझा गुडघा चाचपून त्यावर थापटत म्हणाली, "आज बरं सांगितलंस."

तू असं कधीच म्हणाली नव्हतीस, आई. ते मी माझ्या पदरचं घातलं, आणि अक्काला तेही कळलं असणार.